मूनफेज, क्रोनोग्राफ, जीएमटी : मेकॅनिकल घड्याळात कोण कोणाला ढकलतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे : वडिलांचं एचएमटीचं वार-तारखेचं ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं) घड्याळ मिळाल्यापासून मेकॅनिकल घड्याळांचा नाद लागला आहे. चाळीस-पन्नास हजारांपर्यंत दुसरं घ्यायचं आहे. मूनफेज, क्रोनोग्राफ, जीएमटी, टूरबियॉन अशी नावं वाचून गोंधळ होतो. ही कॉम्प्लिकेशन्स, म्हणजे तास-मिनिट-सेकंदापलीकडच्या सोयी, नेमकी काय करतात, आणि यातलं घेण्यासारखं काय?

मी घड्याळं उघडणारा माणूस आहे, विकणारा नाही. त्यामुळे माझं उत्तर तबकडीच्या मागच्या बाजूने येतं. तबकडीवर काय दिसतं हे जाहिरातीत कळतंच. विचारायचं ते हे, की तो काटा किंवा ती चकती आत कोण ढकलतं, केव्हा ढकलतं, आणि त्यासाठी ताकद कुणाच्या वाट्यातून जाते. या तीन प्रश्नांची उत्तरं कळली की कुठलं कॉम्प्लिकेशन उपयोगी, कुठलं नाजूक आणि कुठलं नुसतं मिरवायचं, हे आपोआप समजतं.

घड्याळाच्या पोटात कमावता एकच : मुख्य स्प्रिंग. तिची ताकद चाकांच्या रांगेतून बॅलन्सपर्यंत, म्हणजे ठरलेल्या तालात मागे-पुढे झुलणाऱ्या चाकापर्यंत, पोचते, आणि बॅलन्स जितका मोकळा झुलेल तितकं घड्याळ वेळेला धरून राहतं. तास, मिनिट, सेकंद सोडून जे जे काही तुम्ही दाखवायला सांगाल ते सगळं याच स्प्रिंगच्या जिवावर. एकट्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात पाहुणा आला की कुठेतरी हात आखडावा लागतो, तसंच.

सुरुवात तारखेपासून करतो, कारण तिला कुणी कॉम्प्लिकेशन म्हणतच नाही, आणि दुरुस्तीला मात्र सगळ्यात जास्त तीच येते. तासकाट्याचं चाक दिवसात दोन फेऱ्या मारतं. त्याला जोडलेलं आणखी एक चाक 24 तासांत एक फेरी मारतं आणि त्यावर एक बोट असतं. तारखेची चकती म्हणजे आतल्या कडेला 31 दाते असलेलं कडं. रात्री ते बोट एका दात्याला जाऊन टेकतं, हळूहळू दाबत नेतं, आणि मध्यरात्रीच्या सुमारास चकती एक घर पुढे सरकते. एक छोटी स्प्रिंग तिला नेमक्या जागी बसवून धरते. वार असेल तर त्याच्यासाठी दुसरं बोट. तुमच्या घड्याळात वार हिंदी-इंग्रजी दोन्हींत असतील तर वाराच्या चकतीवर सातऐवजी चौदा घरं असतात आणि रोज दोन घरं सरकावी लागतात. सिको फाइव्हमध्ये तर रात्री साडेबारा-एकला पाहिलंत तर मधेच दुसऱ्या भाषेतला वार दिसतो. लोक घाबरून आणतात. काही बिघडलेलं नसतं, पहाटेपर्यंत थांबलात की आपला वार येतो.

आता खरी गोम. ते बोट रात्री साधारण नऊ-दहापासून पहाटे दोन-तीनपर्यंत दात्यांमध्ये अडकलेलं असतं. नेमक्या याच वेळात चावी अर्धी ओढून झटपट तारीख बदलायला गेलात, तर एकीकडून बोट आणि दुसरीकडून तुम्ही असे दोघं एकाच चकतीशी झोंबता. दाता तुटतो किंवा बोट वाकतं. आणि घड्याळ रात्रीचे दहा दाखवतंय की सकाळचे, हे बंद पडलेल्या घड्याळावरून कळत नाही. म्हणून सवय अशी लावा : चावी पूर्ण ओढून काटे पुढे फिरवत राहा, तारीख बदलली की समजा आता रात्रीचे बारा वाजले. तसेच पुढे जाऊन सहावर आणा. मग झटपट सेटिंगने कालची तारीख लावा. मग पुन्हा काटे पुढे फिरवून आजची तारीख येऊ द्या आणि वेळ लावा. दुपार असेल तर बारा एकदा आणखी ओलांडायचे, एवढंच. हे पाळलंत तर तारीख मध्यरात्रीच उडी मारते, दुपारी नाही, आणि दातेही शाबूत राहतात. जुन्या कित्येक घड्याळांत झटपट सेटिंग नसतंच. तिथे काटे नऊ ते बाराच्या थोडं पुढे असे मागे-पुढे नेऊन तारीख सरकवतात. सगळ्याच मशीनना ते चालत नाही, तेव्हा काटे मागे नेताना जरा जरी अडलं तर जोर लावू नका.

साध्या तारखेला महिना कळत नाही. तिच्या लेखी प्रत्येक महिना 31 दिवसांचा, म्हणून वर्षातून पाच वेळा तुम्हालाच हात लावावा लागतो. अॅन्युअल कॅलेंडरला 30 आणि 31 चा फरक कळतो, त्याला फक्त फेब्रुवारीअखेरीस मदत लागते. मनगटी घड्याळात ते पाटेक फिलिप या स्विस कंपनीने 1996 मध्ये आणलं. पर्पेच्युअल कॅलेंडर मात्र लीप वर्षही जाणतं, आणि ते कसं जाणतं हे मला आजही बघायला आवडतं. चार वर्षांत एक फेरी मारणारी एक चकती असते, तिच्या कडेला 48 महिन्यांसाठी कमी-जास्त खोल खाचा. एक लांब तरफ रोज त्या कडेला चाचपते. खाच जितकी खोल तितका महिना लहान, आणि महिनाअखेरीस तरफ तितकीच जास्त घरं तारीख पुढे ढकलते. सगळं गणित धातूच्या कडेवर कोरलेलं. लंडनच्या टॉमस मजने ही कल्पना खिशातल्या घड्याळात 1762 मध्ये उतरवली. मनगटावर यायला 1925 उजाडलं. 1985 मध्ये आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीच्या कुर्ट क्लाऊसने ते सगळं एका चावीवर चालेल असं केलं, त्याआधी प्रत्येक गोष्टीसाठी वेगळं बटण टोचावं लागायचं.

पर्पेच्युअलची किंमत तुमच्या बजेटच्या कितीतरी पुढची आहे. आणि चुकून एक दिवस पुढे गेलं तर बहुतेकांना मागे नेता येत नाही, दिवस उलटेपर्यंत घड्याळ बंद ठेवून बसायचं. शिवाय 2100 हे वर्ष चारने भागलं जात असलं तरी लीप नाही, त्यामुळे त्या वर्षी 1 मार्चला या बहुतेक घड्याळांना हाताने दुरुस्त करावं लागेल. तोवर ती कुणाच्या हातात असतील ते बघतील.

मूनफेजकडे आपली माणसं ओढली जातात, आणि ते स्वाभाविक आहे. घरात भिंतीवर पौर्णिमा-अमावास्या छापलेली दिनदर्शिका असतेच. तर आत काय असतं : 59 दात्यांची चकती, तिच्यावर समोरासमोर दोन चंद्र रंगवलेले. रोज एक दाता सरकतो, म्हणजे एका चंद्राला साडेएकोणतीस दिवस. खरा चांद्रमास सरासरी 29.53059 दिवसांचा. दर महिन्याला सुमारे 44 मिनिटांची चूक साठत जाते आणि अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात एक दिवस होतो. तेवढ्यात घड्याळ कधी ना कधी बंद पडून पुन्हा लावावं लागतंच, त्यामुळे या चुकीचं मला काही वाटत नाही. महाग घड्याळांत 135 दात्यांचं चाक वापरून ही चूक 122 वर्षांत एक दिवस इतकी कमी करतात. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

लावायची पद्धत सोपी. दिनदर्शिकेत मागची पौर्णिमा शोधा. पूर्ण चंद्र खिडकीच्या मधोमध येईपर्यंत बाजूचं टोचबटण दाबा, किंवा चावीने फिरवायची सोय असेल तर चावी फिरवा. मग पौर्णिमेपासून आजपर्यंत जितके दिवस झाले तितकी घरं पुढे. हेही रात्री करू नका, कारण तेच, वर सांगितलेलं.

पण अपेक्षा बेताची ठेवा. संकष्टीला चंद्रोदय किती वाजता, हे मूनफेज सांगत नाही. ते फक्त चंद्र किती भरला आहे ते दाखवतं, आणि तेही सरासरी चंद्र. पंचांगातली तिथी कधी 19-20 तासांची तर कधी 26 तासांची असते, कारण खरा चंद्र कधी वेगाने तर कधी रेंगाळत जातो. घड्याळातली चकती मात्र रोज सारखंच पाऊल टाकते. म्हणून पंचांगाशी एखाद्या दिवसाचा फरक पडला तर घड्याळ दुरुस्तीला आणू नका. आणखी एक : खिडकीतली उभी चंद्रकोर युरोपच्या आकाशातली आहे. आपल्याकडे द्वितीया-तृतीयेची कोर संध्याकाळी बरीचशी आडवी, होडीसारखी दिसते. आणि सिडनीतल्या भाच्याला हेच घड्याळ दिलंत तर त्याच्या आकाशातला चंद्र डाव्या-उजव्या बाजूने नेमका उलटा भरत असेल.

तुमच्या बजेटमध्ये एक फसगत नेहमी होते. खिडकीत एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्र अशी चकती असते. ती 24 तासांत फिरते आणि फक्त दिवस आहे की रात्र एवढंच सांगते. तो मूनफेज नव्हे. ओरिएंट आपल्या अशा मॉडेलला सरळ ‘सन अँड मून’ म्हणतं, ते प्रामाणिक आहे. ऑनलाइन विकणारे बरेच जण सरसकट मूनफेज लिहून मोकळे होतात. दुकानात काटे फिरवून बघा : बारा तासांत चंद्र जाऊन सूर्य आला तर समजा.

क्रोनोग्राफ म्हणजे घड्याळातच बसवलेलं स्टॉपवॉच. मधला लांब सेकंदकाटा त्याचा असतो आणि तो एरवी बारावर गप्प उभा राहतो. चालू सेकंद छोट्या तबकडीत. नवीन घेतलेले कित्येक जण ‘सेकंदकाटा बंद आहे’ म्हणून घेऊन येतात. दोनच्या बाजूचं बटण दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की थांबतं, चारच्या बाजूचं दाबलं की शून्यावर.

शून्यावर येतो कसा, हे बघण्यासारखं आहे. काट्याच्या दांड्यावर बदामाच्या आकाराचा एक तुकडा असतो. बटण दाबलं की एक हातोडी त्याच्या कडेवर आपटते. कडेचा आकारच असा की हातोडी कुठेही आदळली तरी तुकडा घसरत फिरतो आणि बदामाच्या खोलगट जागेवर येऊन थांबतो. काटा कुठेही असो, जवळच्या वाटेने शून्यावर. अॅडॉल्फ निकोलने याचं पेटंट 1844 मध्ये घेतलं आणि आजही मूळ युक्ती तीच आहे. त्याआधी, 1821 मध्ये, पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत निकोला रीसेकने तबकडीवर शाईचा ठिपका पाडणारं यंत्र वापरलं होतं. शून्यावर आणायची भानगडच नव्हती.

क्रोनोग्राफ चालू केला की त्याची चाकं मूळ चाकांना येऊन भिडतात. हे भिडणं दोन तऱ्हांचं. जुन्या पद्धतीत एक चाक बाजूने येऊन दुसऱ्याच्या दात्यांत घुसतं. दात्यावर दाता आला तर काटा सुरू होताना थोडा उडतो, आणि चालू असेपर्यंत बॅलन्सचा झोका कमी होतो. दुसऱ्या पद्धतीत दोन चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात, त्यात उडी नसते आणि ओढही कमी. सिकोने 1969 मध्ये 6139 मशीनमध्ये ही पद्धत घातली. त्याच वर्षी झेनिथचं एल प्रिमेरो आणि ह्यूअर-ब्राइटलिंग मंडळींचं मशीन असे तीन ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ एकापाठोपाठ आले आणि पहिलं कोण यावरून लोक अजून भांडतात. मी त्या भांडणात पडत नाही. एल प्रिमेरो तासाला 36,000 ठोके घेतं, म्हणून ते सेकंदाचा दहावा भाग मोजू शकतं. नेहमीचं 28,800 ठोक्यांचं मशीन आठवा भाग, आणि 18,000 वालं पाचवा.

कडेला टॅकीमीटरचे आकडे असतात, त्यांचा उपयोग फार थोडे करतात. एक किलोमीटर जायला लागलेल्या सेकंदांनी 3600 ला भागायचं, तेच गणित कडेवर आधीच छापलेलं असतं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर शेजारी बसून किलोमीटरचा दगड आला की सुरू करा, पुढच्या दगडाला थांबवा. काटा 36 सेकंदांवर असेल तर समोर 100 दिसेल. मुलांना हे फार आवडतं. गाडी चालवणाऱ्याने करू नये, हे सांगायला नको.

दोन पथ्यं. चालू असताना चारचं बटण दाबू नका. फ्लायबॅक, म्हणजे चालू असतानाच शून्यावर येऊन लगेच पुन्हा सुरू होणारं, असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच ते चालतं. आणि घड्याळ पाण्यात असताना कुठलंच बटण दाबू नका, पाणी तिथूनच शिरतं.

सर्व्हिसिंगचं गणित मात्र आधीच करून ठेवा. साध्या चावीच्या मशीनमध्ये सव्वाशेच्या आसपास भाग असतात, ऑटोमॅटिक क्रोनोग्राफमध्ये दोनशेहून बरेच जास्त. खर्च त्याहून जास्त पटीने वाढतो, कारण क्रोनोग्राफच्या तरफा एकमेकींशी जुळवायला वेळ जातो, आणि हे नीट करणारे हात थोडे आहेत. तुमच्या बजेटमध्ये मेकॅनिकल क्रोनोग्राफ हवाच असेल तर चिनी सीगलचं एसटी 19 मशीन असलेली घड्याळं येतात. ते स्विस व्हीनस 175 वरून घडलेलं, चावीचं, बटणाचा हुकूम खांब असलेल्या एका छोट्या चाकातून पुढे पोचवणारं मशीन आहे. दिसायला सुरेख. गुणवत्ता मात्र नगागणिक बदलते.

जीएमटी म्हणजे तबकडीवर आणखी एक काटा, 24 तासांत एक फेरी मारणारा, दुसऱ्या गावची वेळ दाखवायला. 1950 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकन विमान कंपनी पॅन अॅमच्या वैमानिकांसाठी रोलेक्सने हे लोकप्रिय केलं. यातही दोन जाती. एकीत प्रवाशाला स्थानिक तासकाटा एकेक तास उडवता येतो, ती महाग. दुसरीत 24 तासांचा काटा वेगळा हलतो. घरी बसून परदेशात फोन करणाऱ्याला ही दुसरी पुरते, आणि सिकोच्या एनएच 34 मशीनमुळे ती तुमच्या पट्ट्यात मिळते.

पण आपल्याला एक अडचण आहे जी जाहिरातीत कुणी सांगत नाही. दोन्ही काटे एकाच मिनिटकाट्याच्या तालावर चालतात आणि एकेक तासानेच उडतात. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. समजा तुमची मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला आहे, तर तिची वेळ हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. अर्धा तास कुठल्याही साध्या जीएमटीत बसत नाही. काटा दहा तास मागे लावायचा आणि वाचताना मनात अर्धा तास आणखी वजा करायचा, नाहीतर फिरणारं कडं असेल आणि ते अर्ध्या घरावर थांबत असेल तर कडंच तेवढं सरकवायचं.

लंडनसाठी तर घड्याळात काहीच नको. हिवाळ्यात साधं घड्याळ उलटं धरा, सहा वर आणि बारा खाली. दुपारचे साडेतीन वाजले असतील तर उलट्या घड्याळात दहा वाजलेले दिसतात, आणि लंडनमध्ये सकाळचे दहाच वाजलेले असतात. साडेपाच तासांच्या फरकाचा हा फायदा. तासकाटा अर्धं घर इकडे-तिकडे दिसतो, तेवढं चालवून घ्यायचं. उन्हाळ्यात लंडन आपली घड्याळं पुढे करतं, तेव्हा हे जमत नाही.

सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतला फरक दाखवणारं ‘इक्वेशन ऑफ टाइम’ तुम्ही घेणार नाही, पण मुंबईपुरतं त्याचं गणित गमतीचं आहे. 1955 पर्यंत मुंबईत बॉम्बे टाइम पाळला जायचा, ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे, म्हणजे आजच्या वेळेपेक्षा 39 मिनिटं मागे. त्यामुळे मुंबईत सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी 12:39 ला. त्यात हे इक्वेशन मिसळलं की नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:23 च्या आसपास आणि फेब्रुवारीच्या मध्याला 12:53 च्या आसपास.

टूरबियॉन काहीच दाखवत नाही. पॅरिसच्या ब्रेगे या घड्याळजीने 26 जून 1801 ला त्याचं पेटंट घेतलं ते कोटाच्या खिशात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या घड्याळासाठी. एकाच स्थितीत बॅलन्सवर गुरुत्वाकर्षणाचा जो परिणाम होतो तो सरासरीने मिटावा म्हणून सगळा बॅलन्सच एका पिंजऱ्यात फिरवला. मनगट दिवसभर हलतंच, तिथे त्याची गरज फारशी उरत नाही. बघायला मात्र अप्रतिम. स्वस्त घड्याळांत तबकडीला भोक पाडून नुसता बॅलन्स दाखवतात आणि टूरबियॉन म्हणून खपवतात. पिंजरा स्वतःभोवती फिरत नसेल तर ते टूरबियॉन नाही. मिनिट रिपीटर म्हणजे कडेची कळ सरकवली की तारांवर तास, पाव तास, मिनिटं वाजवणारं घड्याळ. 12:59 ला सगळ्यात जास्त ठोके : बारा, तीन जोड्या आणि चौदा. विजेच्या दिव्यांआधीच्या काळातली ही सोय आज कोट्यधीशांची हौस आहे. पॉवर रिझर्व्ह, म्हणजे चावी किती उरली ते दाखवणारा काटा, चावीच्या घड्याळात खरंच उपयोगी. रोज हातात असणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये नसला तरी चालेल.

तुमच्या जागी मी असतो तर परदेशात खरंच रोज फोन होत असेल तर एनएच 34 चं जीएमटी घेतलं असतं, नसेल तर मूनफेज. मूनफेज उपयोगाचं म्हणून नाही, पण त्याला ताकद अगदी थोडी लागते आणि बिघडायला त्यात फारसं काही नाही. क्रोनोग्राफ या बजेटमध्ये नवा शेवटी.

जुना क्रोनोग्राफ घ्यायचा मोह झालाच, तर आधी तबकडी बघा. पुन्हा रंगवलेल्या तबकड्या आणि जमेल तिथले भाग जोडून बनवलेली घड्याळं परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ या नावाने ओळखतात, ते उगाच नाही. छोट्या तबकड्यांचे काटे खरंच फिरतात की नुसते छापलेले आहेत ते बघा. मग सुरू करा आणि पूर्ण एक मिनिट जाऊ द्या, मिनिटांचा छोटा काटा एक घर सरकला पाहिजे. थांबवा, शून्यावर आणा. वेगवेगळ्या जागी थांबवून हे तीन-चार वेळा करा. दर वेळी काटा अगदी बाराच्या रेघेवर आला पाहिजे. एकदा जरी रेघेच्या अलीकडे-पलीकडे थांबला तर दुरुस्तीचा खर्च आधी विचारून घ्या आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा.